खाटेशेजारचे जागरण

शास्त्रपाठ : मत्तय २६:३६-४६, १ राजे १९:१-८



गेथशेमाने बागेतील प्रसंग आपल्या मंडळ्यांतून दरवर्षी दुःखसहन सप्ताहात वाचला जातो. त्यावरील उपदेशांत आपण बहुधा दुःखाच्या प्याल्याविषयी, पित्याच्या इच्छेस वाहून घेण्याविषयी आणि यहूदाच्या विश्वासघाताविषयी ऐकतो. ते योग्यच आहे. परंतु त्याच शास्त्रभागात प्रभूने आपल्या शिष्यांजवळ केलेली एक लहानशी मागणी आहे, आणि तिच्यावरून आपली नजर सहज पुढे सरकते. ह्या महिन्यात आपण त्या मागणीजवळ थोडे थांबू या.

प्रभूने पेत्र आणि जब्दीचे दोघे पुत्र ह्यांना बरोबर घेतले. आपल्या जिवाला मरणाएवढे दुःख झाले आहे, ही गोष्ट त्याने त्यांच्यापासून लपवली नाही. मग त्याने त्यांच्याजवळ काय मागितले? शिपायांना अडवावे असे सांगितले नाही. ह्या दुःखाचा अर्थ समजावून सांगावा असेही म्हटले नाही. धीराचे चार शब्द बोलावे, एवढीही अपेक्षा केली नाही. तो प्याला तर त्याला एकट्यालाच प्यावयाचा होता. त्याने इतकेच मागितले की, त्यांनी तेथेच थांबावे व त्याच्याबरोबर जागे राहावे. आणि ज्यांच्याजवळ त्याने हे मागितले ते झोपी गेले. त्याने तीनदा येऊन पाहिले, आणि तीनही वेळा ते झोपलेलेच होते.

लूक ह्या बाबतीत एक बारीक गोष्ट नोंदवतो. शिष्य दुःखामुळे झोपी गेले होते, असे तो सांगतो (लूक २२:४५). त्यांचे प्रभूवर प्रेम नव्हते असे नाही. प्रिय माणसाचे दुःख पाहवत नाही, म्हणूनही मनुष्य डोळे मिटतो. आपल्या घरांत व मंडळ्यांत असाध्य दुखणेकऱ्यांच्या बाबतीत हेच घडताना दिसते. पहिल्या महिन्यात भेटावयास येणाऱ्यांची रीघ लागते. पुढे दुखणे लांबते, चेहरा ओळखू येईनासा होतो, खोलीत वास येऊ लागतो आणि माणसे हळूहळू यावयाची थांबतात. विचारले तर म्हणतात, "आम्हाला त्यांच्याकडे बघवत नाही हो."

अशा वेळी जी बघते, जी रात्री दोन वाजता हाक ऐकून येते, ती बहुतेक करून परिचारिका असते. म्हणून मरणाच्या वाटेवरील माणसाच्या आत्म्याला काय हवे असते, हा प्रश्न आपण एकदा परिचारिकांना विचारावा आणि त्यांचे उत्तर देवाच्या वचनाच्या उजेडात वाचावे, असे आम्हाला वाटते.

उपशामक शुश्रूषा म्हणजे काय

कर्करोग, ज्याला आपण सर्रास कॅन्सर म्हणतो, तो बरा होण्याच्या पलीकडे गेला म्हणजे नातलगांना बाजूला घेऊन सांगण्यात येते की, आता करण्यासारखे काही उरले नाही. हे म्हणणे पुरते खरे नाही. रोग हटवण्यासारखे काही उरले नसेल. पण रोग्यासाठी करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते. वेदना शमवणे, उलटी, धाप व मलावरोध ह्यांचा बंदोबस्त करणे, जखमा स्वच्छ ठेवणे, घरच्यांना आधार देणे आणि मनाला व आत्म्याला पडलेल्या प्रश्नांत सोबत करणे, ह्या सर्वाला मिळून उपशामक शुश्रूषा किंवा पॅलिएटिव्ह केअर असे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये तिची जी व्याख्या केली, तीत शारीरिक व मानसिक त्रासाबरोबर आध्यात्मिक त्रासाचाही उल्लेख आहे.

ह्या सेवेला आजचे रूप देण्यात एका ख्रिस्ती परिचारिकेचा मोठा वाटा आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. सिसिली साँडर्स ह्या बाईंचा जन्म १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी स्थापलेल्या शाळेत, परिचारिका झाल्या. १९४५ च्या सुमारास त्यांना ख्रिस्ताचा जिवंत अनुभव आला. पाठीच्या दुखण्यामुळे परिचारिकेचे काम त्यांना सोडावे लागले, तेव्हा त्या इस्पितळातच रुग्णांच्या अडीअडचणी पाहणाऱ्या कार्यकर्त्या झाल्या. तेथे त्यांची गाठ डेव्हिड टास्मा नावाच्या कॅन्सरच्या रुग्णाशी पडली. तो पोलंडहून आलेला यहूदी निर्वासित होता. वय चाळीसच्या आसपास, जवळचे कोणी नाही, आणि आपले जीवन व्यर्थ गेले ही खंत.

एकदा त्याने सिसिलीबाईंना, मनाला धीर वाटेल असे काही सांगा, असे म्हटले. त्यांनी पाठ असलेली स्तोत्रे म्हटली. त्याला आणखी हवे होते. वाचून दाखवू का, असे त्यांनी विचारले, तर तो नको म्हणाला. त्यांच्या स्वतःच्या मनात व अंतःकरणात जे आहे तेवढेच त्याला हवे होते. १९४८ मध्ये तो मरण पावला आणि जाताना आपल्या पैशांतले पाचशे पौंड त्यांच्यासाठी ठेवून गेला. त्या जे घर बांधतील त्यात आपण एक खिडकी व्हावे, ही त्याची इच्छा होती. तो ख्रिस्ती झाला नाही. आपल्या पूर्वजांच्या देवाशी त्याचा समेट झाला, असे सिसिलीबाई सांगत.

पुढे त्या वैद्यकशास्त्र शिकून १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. टास्माच्या खिडकीला तेथे जागा मिळाली. सुमारे एकोणीस वर्षे त्या एका खिडकीभोवती घर बांधण्यात गेली. शरीर, मन, कुटुंब व आत्मा ह्या चारही अंगांनी मिळून माणसाची वेदना होते, ही सर्वांगीण वेदनेची कल्पना त्यांनीच मांडली. त्यांच्या एका रुग्ण बाईने, दुखणे पाठीपासून सुरू झाले पण आता आपले सगळेच बिघडले आहे, अशा अर्थाचे उत्तर दिले होते. त्या उत्तरातून ही कल्पना स्पष्ट झाली. आणि ध्यानात घ्या, १९६५ मध्ये परिचारिकांच्या एका साप्ताहिकात त्यांनी आपल्या कार्याचा पाया समजावून सांगितला, तेव्हा त्यासाठी त्यांनी निवडले ते गेथशेमानेतील हेच शब्द. प्रभूच्या ह्या मागणीचा मुख्य अर्थ जवळ असणे हाच आहे, असे त्या म्हणत. २००५ मध्ये त्याच हॉस्पिसमध्ये, कॅन्सरनेच, त्या प्रभूकडे गेल्या.

आपल्या देशात मुंबईच्या वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती आवेदना हे पहिले हॉस्पिस सुरू झाले, आणि पुढे गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा निघाली. तेथील शुश्रूषा रोमन कॅथलिक भगिनींनी चालवली आहे. १९९३ मध्ये केरळात कालिकत येथे काही डॉक्टरांनी व सामान्य स्वयंसेवकांनी मिळून घरोघर जाऊन सेवा करण्याची पद्धत उभी केली. हैदराबादेत एम. एन. जे. कर्करोग संस्थेतही असा विभाग आहे. गरज मोठी आहे, सोय थोडी आहे. आपल्या भागात तंबाखू, गुटखा व मिश्री ह्यांच्यापायी तोंडाच्या कॅन्सरचे रोगी किती आहेत, हे आपण आपल्या आळीत पाहतोच.

आता परिचारिका काय सांगतात ते पाहू. २०१० मध्ये ब्रिटनमधील परिचारिकांच्या मोठ्या संस्थेने, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने, ह्याच विषयावर आपल्या सभासदांना प्रश्न विचारले. चार हजारांहून अधिक जणांनी उत्तरे पाठवली. आत्मिक सेवा हा शुश्रूषेचाच भाग आहे, असे बहुतेकांचे मत पडले. आणि ती कशी करावी ह्याचे पुरेसे शिक्षण आपणास मिळालेले नाही, असेही बहुतेकांनी म्हटले. आमच्या परिचयाच्या भगिनींशी बोलताना आम्ही साधारण हेच ऐकले आहे. त्यांच्या सांगण्यातून चार गोष्टी पुढे येतात.

पहिली गोष्ट : देहाची सेवा हीच आत्म्याच्या सेवेची सुरुवात

आत्मिक सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पवित्र शास्त्र, प्रार्थना आणि गीतपुस्तक येते. परिचारिकेच्या डोळ्यांपुढे आधी ओला कापूस येतो. कोरड्या पडलेल्या तोंडाला तो लावावयाचा असतो. दर दोन तासांनी कूस बदलावयाची असते, नाहीतर पाठीला शय्याव्रण होतात. चिघळलेल्या जखमेला वास येतो, तेव्हा मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड करून ती जखमेवर टाकतात. वास कमी होतो, आणि मग जो नातू दारातूनच परत फिरत होता तो आजोबांच्या खाटेवर येऊन बसतो. आता सांगा, ती पूड देहासाठी होती की आत्म्यासाठी?

एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून देवाजवळ मरण मागत होता. देवाचा इतका मोठा संदेष्टा, पण त्या दिवशी त्याला जीव नकोसा झाला होता. देवाने त्याच्याकडे दूत पाठवला. दूताने त्याला निराशेबद्दल दोष दिला नाही, कर्मेल डोंगरावरील विजयाची आठवणही करून दिली नाही. त्याने एलीयाला स्पर्श केला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचा चंबू उशाशी ठेवला आणि त्याला पुन्हा झोपू दिले. हे दोनदा झाले. ती मंद वाणी एलीयाने ऐकली ती नंतर, होरेब डोंगरावर. आधी भाकर, पाणी, झोप आणि स्पर्श, हा देवाचा क्रम आहे. परिचारिका नकळत त्याच क्रमाने चालते.

येथे वेदनेविषयी एक शब्द बोलणे अगत्याचे आहे. तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे चांगले औषध आहे आणि ते तोंडाने, ठरलेल्या वेळी, वेदना उसळण्याआधी द्यावयाचे असते. आपल्या देशात १९८५ च्या अंमली पदार्थांविषयीच्या कायद्यामुळे ते मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वाट पुष्कळ मोकळी झाली. तरी लोकांच्या मनातील भीती गेलेली नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्याला व्यसनी समजण्याचे कारण नाही. काही विश्वासी मात्र वेगळे कारण सांगतात. प्रभूने वधस्तंभावर खिळले जाण्याआधी गंधरसमिश्रित द्राक्षारस नाकारला (मार्क १५:२३), मग आपण वेदना का सोसू नये, असे ते विचारतात. बंधूंनो, प्रभूने तो स्वतःपुरता नाकारला. जगाच्या पापाचे ओझे त्याने एकदाच व एकट्याने वाहिले. पण त्याच्याकडे आलेल्या एकाही दुखणेकऱ्याला त्याने, तू सोस, असे सांगून परत पाठवले नाही. वेदनेने पिळून निघालेल्या माणसाला प्रार्थनासुद्धा सुचत नाही, हे परिचारिका रोज पाहते. त्याच्या वेदना शमवणे म्हणजे त्याला प्रार्थनेसाठी मोकळे करणे होय.

दुसरी गोष्ट : जिभेच्या आधी कान

रात्रपाळीच्या परिचारिकेला जे प्रश्न ऐकावे लागतात ते सहसा दिवसा विचारले जात नाहीत. माझ्याच वाट्याला हे का आले? मी कोणाचे काय वाईट केले? माझ्या पोरींचे पुढे काय होईल? धाकट्या भावाशी वीस वर्षे बोललो नाही, तो येईल का? देव आहे तर गप्प का? ह्या प्रश्नांचे उत्तर येत नाही म्हणून अनेक परिचारिका मनातून घाबरतात व उशी सारखी करून निघून जातात. पण अनुभवी भगिनी सांगतात की, विचारणाऱ्याला दर वेळी उत्तर हवे असते असे नाही. प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस पळून जातो की बसतो, एवढेच त्याला पाहावयाचे असते.

ईयोबाचे तिघे मित्र आले तेव्हा ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कोणी एक शब्द बोलले नाही (ईयोब २:१३). त्या सात दिवसांत त्यांनी केलेली सेवा उत्तम होती. मग त्यांनी तोंड उघडले, ईयोबाच्या पापाचा शोध सुरू केला, आणि शेवटी देवाचा कोप ओढवून घेतला. जन्मांधाला पाहून शिष्यांनीही, पाप कोणाचे, हाच प्रश्न काढला होता, आणि प्रभूने तो तेथेच तोडला (योहान ९:१-३). असे असूनही आजाऱ्याच्या खाटेजवळ उभे राहून, काही गुप्त पाप राहिले आहे काय, विश्वास कमी पडतो आहे काय, असे विचारणारे लोक आपल्यांत आहेत. ज्याचे शरीर आधीच मोडले आहे त्याचा देवावरील भरवसाही अशा प्रश्नाने मोडतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ मध्ये लिहिलेल्या शुश्रूषेच्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण अशा भेट देणाऱ्यांवर खर्च केले आहे, जे खोट्या आशेची बडबड करतात आणि न मागितलेला सल्ला देतात. त्यांना हा उपद्रव थोडा वाटला नाही.

यशयाच्या पन्नासाव्या अध्यायात थकलेल्यांना शब्दाने आधार देणाऱ्या जिभेविषयी सांगितले आहे. ते वचन नीट वाचा. ती जीभ मिळते ती कान उघडल्यामुळे, आणि तो कान देव रोज सकाळी उघडतो. आधी ऐकणे शिकलेल्यालाच बोलणे शोभते.

ह्याच ठिकाणी खरे सांगण्याचा प्रश्न येतो. आपल्या घरांत, आईला सांगू नका, असा निरोप डॉक्टरांना व सिस्टरना देण्याची रीत आहे. ती प्रेमापोटी आहे, हे आम्ही जाणतो. पण आईला बहुधा कळलेले असते. ती मुलांसाठी हसते, मुले तिच्यासाठी हसतात, आणि दोन्हीकडचे रडू परिचारिकेजवळ येते. निरोप घ्यावयाचे, क्षमा मागावयाची, दागिना कोणाला द्यावयाचा ते सांगावयाचे, सर्व राहून जाते. प्रभूने आपल्या मरणाची गोष्ट शिष्यांना आधीपासून सांगितली आणि वधस्तंभावरूनही आईची सोय लावली (योहान १९:२६-२७). सर्वांना सर्व एकदम सांगावे असे आम्ही म्हणत नाही. दुखणेकऱ्याने विचारले तर त्याला खोटे सांगू नये, आणि त्याला जितके पेलेल तितके प्रीतीने सांगावे, एवढेच म्हणतो.

तिसरी गोष्ट : खाट ज्याची, वाट त्याची

आमच्या अभ्यासवर्गात एका परिचारिका भगिनीने पुढील प्रसंग सांगितला. तिच्या वार्डात जबड्याच्या कॅन्सरने आजारी असलेली एक वारकरी आजी होती. बोलणे बंद झालेले. रात्री आजी सारखा हात गळ्याशी नेत आणि अस्वस्थ होत. वेदना म्हणावी तर औषध दिलेले होते. भगिनीने घरच्या माणसांना विचारले तेव्हा कळले की, तपासणीच्या वेळी गळ्यातील तुळशीची माळ काढून ठेवली आहे. गळ्याला जखम असल्यामुळे माळ घालता येईना. तेव्हा तिने ती धुऊन, पुसून आजींच्या हातात दिली. आजी झोपी गेल्या.

हे ऐकून वर्गात दोन मते झाली. ख्रिस्ती परिचारिकेने असे करावे काय? सुवार्ता सांगण्याची संधी तिने दवडली नाही काय? हा प्रश्न विचारणारे बंधू मनाचे सरळ आहेत व आत्म्यांविषयी त्यांना कळकळ आहे, म्हणून त्यांना उडवून लावणे आम्हाला बरे वाटत नाही. भगिनीचे उत्तर साधे होते. ती म्हणाली, "माळ आजींचीच होती. मी ती परत दिली."

आम्ही तिच्या बाजूचे आहोत, आणि त्याचे कारण शास्त्रातच आहे. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नाही आणि त्याला आपल्या जनावरावर बसवण्याआधी काही कबूल करून घेतले नाही. प्रभूने बार्तीमयाला, तुझी इच्छा काय आहे, असे विचारले (मार्क १०:५१). त्याला काय हवे ते त्याच्याच तोंडून ऐकले. जो उठून जाऊ शकत नाही, ज्याचे पाणी, औषध आणि कूस आपल्या हाती आहे, त्याच्यापुढे आपला धर्म मांडणे म्हणजे त्याच्या असहायतेचा फायदा घेणे होय. प्रभू दाराशी उभा राहून ठोकतो. तो दार फोडून आत येत नाही. पेत्र म्हणतो की, आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने उत्तर द्यावे (१ पेत्र ३:१५). म्हणून त्या आजींनी खुणेने विचारले असते की, बाई, तू एवढे का करतेस, तर भगिनीने ख्रिस्ताचे नाव घेण्यास लाजू नये. विचारले नाही, तर तिच्या हातांची साक्ष देवाला पोहोचली आहे.

उलट बाजूचा तोलही राखला पाहिजे. २००८ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये एका ख्रिस्ती परिचारिकेला, तुमच्यासाठी प्रार्थना करू का, असे रुग्णाला विचारल्यावरून कामावरून तात्पुरते दूर करण्यात आले होते. २००९ मध्ये तिला परत घेतले. प्रार्थना ही चोरून आणलेली वस्तू आहे असे वागणेही योग्य नाही. ज्याला हवी त्याला ती मिळाली पाहिजे. मग तो पाळकसाहेबांना बोलवो, मौलवींना बोलवो की घरची पोथी मागो. परिचारिकेने विचारावे ते असे : तुम्हाला कशाने बळ येते? कोणाला बोलवावे असे वाटते? ह्या दोन प्रश्नांनी कोणाचाही अपमान होत नाही.

चौथी गोष्ट : जागणाऱ्यांसाठी कोण जागते?

परिचारिका सांगतात की, ह्या सेवेच्या आड येणारे मोठे कारण वेळ नसणे हे आहे. एका पाळीला वार्डभर रोगी, सलाईन, इंजेक्शने, नोंदवह्या. दहा मिनिटे बसली तर काम चुकवते असा शिक्का बसतो. दुसरे कारण असे की, आपणच आतून रिकाम्या झालो आहोत असे त्यांना वाटते. ज्याच्याशी तीन आठवडे ऋणानुबंध जुळला तो सकाळी जातो, दुपारी त्याच खाटेवर दुसरा येतो, आणि रडावयास जागा नसते.

मिशन इस्पितळांच्या काळापासून मराठी मंडळ्यांनी आपल्या मुली ह्या सेवेला दिल्या आहेत. मिरजेला डॉ. वॉन्लेस ह्यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उघडले त्याच्याही पूर्वीपासून इतर ठिकाणी हे काम चालू होते. आज आपल्या जवळजवळ प्रत्येक मंडळीत एखादी तरी परिचारिका आहे, आणि आता काही तरुणही ब्रदर म्हणून हे काम करतात. मंडळी त्यांच्याकडे कशी पाहते? उपासनेला गैरहजर म्हणून! रविवारी सकाळी रात्रपाळी करून जी घरी येऊन झोपली, तिचे नाव गैरहजरांत घालणाऱ्या वडीलजनांनी मत्तयाचा पंचविसावा अध्याय पुन्हा वाचावा. गेथशेमानेत प्रभूला बळ देण्यासाठी स्वर्गातून दूत आला (लूक २२:४३). प्रभूला जर त्या घडीला बळ देणारा लागला, तर आपल्या भगिनींना लागणार नाही काय?

मंडळीने काय करावे

पहिले, आजाऱ्याच्या भेटीला दहाजणांनी मिळून जाऊ नये. दोघांनी जावे, सिस्टरला विचारून जावे, खाटेजवळ उभे न राहता बसावे, आणि पाव तासात उठावे. प्रार्थना हवी का, हे आधी विचारावे. हवी असल्यास ती लहान व हळू आवाजात असावी. शेजारच्या खाटेवरही कोणीतरी झोपलेले असते. बोलू न शकणाऱ्याचा हात हातात घ्यावा. पुढच्या भेटीचा दिवस सांगावा आणि तो पाळावा.

दुसरे, बरे होण्यासाठी प्रार्थना अवश्य करावी. याकोबाने वडीलजनांना ती आज्ञाच केली आहे. पण देवाच्या नावाने वचन देऊ नये. पौलाने त्रफिमाला मिलेत येथे आजारी ठेवून पुढचा प्रवास केला (२ तीमथ्य ४:२०), आणि स्वतःचा काटा तीनदा मागूनही निघाला नाही. ह्यावरून पौलाचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल?

तिसरे, जागरणाची यादी करावी. ज्या घरात असे दुखणे आहे त्या घरातील सून किंवा लेक कित्येक रात्री झोपलेली नसते. तरुण संघाने व महिला मंडळाने पाळीपाळीने आठवड्यातील एक रात्र तेथे बसावे, एक वेळचा डबा पोहोचवावा, औषधे आणून द्यावीत. कालिकतच्या सामान्य माणसांनी हे करून दाखवले आहे.

चौथे, शब्बाथशाळेच्या शिक्षकांना विशेष विनंती. ज्या मुलाचे आई किंवा वडील अशा दुखण्यात आहेत, ते मूल वर्गात गप्प होते. देवाला ते आवडले म्हणून त्याने नेले, असे त्याला सांगू नका; असे ऐकणारे मूल देवाला भिऊ लागते. लाजराच्या कबरेजवळ येशू रडला, हे सांगा. त्या मुलाला रडू द्या, आणि हवे तर आईसाठी चित्र काढू द्या.

पाचवे, १२ मे हा परिचारिका दिन जगभर पाळला जातो. त्याच्या जवळच्या रविवारी उपासनेत त्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी आणि एखाद्या भगिनीला बोलण्यास सांगावे. ज्यांना पाळीमुळे प्रभुभोजनाला येता येत नाही, त्यांच्यासाठी पाळकसाहेबांनी वेगळी वेळ काढावी.

प्रियजनहो, शिष्य झोपले तरी प्रभूने त्यांना टाकले नाही. त्याने त्यांना उठवले आणि आपल्याबरोबर चालण्यास सांगितले. ज्यांना पूर्वी बघवले नाही त्यांनाही तो पुन्हा बोलावतो. आपल्या गावात, आपल्या आळीत आज रात्री कोणाच्या खाटेशेजारी दिवा जळत आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. ह्या आठवड्यात तेथे एक तास जाऊन बसू या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, गेथशेमानेत तू एकटा राहिलास, म्हणून एकटेपणा काय असतो हे तुला ठाऊक आहे. जे आज वेदनेत जागे आहेत त्यांच्याजवळ तू राहा. ज्या भगिनी व बंधू त्यांची सेवा करतात त्यांच्या हातांना बळ व मनाला विसावा दे. आमचे कान उघड, आमची जीभ आवर आणि आमचे डोळे जड होऊ देऊ नको. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.